सालेकशात न प्यालेलं पाणी

कऱ्हाड ते गोंदिया

आमच्या कऱ्हाड स्टेशनात कोल्हापूरहून एक गाडी येते. तिच्या डब्यांवर 'गोंदिया' अशी पाटी असते. ती पाटी मी चड्डीत असल्यापासून वाचत आलोय. आमच्याकडच्या माणसाला गोंदिया हे गाव वाटतच नाही, ते त्या गाडीचं आडनाव वाटतं. तिथं खरोखर कुणी उतरतं, त्याचं तिथं घर असतं, घरात चूल असते, असं कुणाच्या मनातही येत नाही. मी तर गावात ठासून सांगायचो की गोंदियाच्या पुढं रूळ संपतात आणि थेट आभाळ लागतं. लोक मानायचे. माझं लोक मानतात, हाच माझ्या आयुष्यातला मोठा घोटाळा आहे.

तर त्या आभाळाच्या काठाला मी यंदा चैत्रात जाऊन आलो. चाकाच्या खुर्चीत बसून, एकटा. परत आल्यावर मित्रमंडळींना वाटलं, आता वाघ निघणार, अस्वल निघणार, गेला बाजार एखादं रानडुक्कर तरी निघेल. नाही निघालं. या प्रवासात पाणी आहे आणि ते न पिणारा एक दीडशहाणा आहे. त्या दीडशहाण्याचं नाव सांगायला जीभ वळत नाही, पण सहीला माझंच नाव असल्यामुळं लपवूनही उपयोग नाही.

खुर्चीचं आधी सांगून टाकतो. माझ्या पाठीचा मणका मोडला, आतला मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालचा कारभार बंद पडला. हा अपघात मी आजवर बैलगाड्यांच्या शर्यतीत, कोयनेच्या पुरात आणि एकदा तर बिबट्याच्या पाठीवर घडवून आणलेला आहे. खरं म्हणजे मी गच्चीच्या कठड्यावर बसून फोनवर बोलत होतो आणि हसता हसता मागं गेलो. पाय गेलेले लोकांना दिसतात. जे दिसत नाही ते असं, की लघवी तुंबल्याची खबरच वरपर्यंत पोचत नाही. ठरल्या वेळी हात धुऊन, स्वच्छ नळी घालून मूत्राशय आपणच रिकामं करायचं. पाणी भरपूर प्यायचं. बुडाची कातडी रोज आरशात बघायची, बसल्या बसल्या हातांवर जोर देऊन अंग उचलत राहायचं. एवढं सांभाळलं की आमच्यासारखा माणूस मजेत म्हातारा होतो. नाही सांभाळलं तर आधी ताप येतो, मग किडनी जाते, मग माणूस.

हे सगळं मी इतक्या सफाईनं सांगतोय कारण हा माझा धंदाच आहे. आमच्यासारख्यांचा फोनवर एक गट आहे. राज्यभरातली माणसं. त्यात मी महाराज. सकाळी उठलो की आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा: "गड्यांनो, पाणी प्या! किडनी म्हणजे नदी आहे, नदी वाहती ठेवा!" असली वाक्यं मला आंघोळीच्या आधीच सुचतात. खाली हात जोडल्याची चित्रं पडतात. मला बरं वाटतं.

एक दिवस गटातल्या शालूताईंचा फोन आला. शालूताई मेश्राम, गोंदिया जिल्ह्यातलं सालेकसा. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि त्याही माझ्यासारख्याच खुर्चीवर आल्या. आता घरी शिलाई करतात.

"अण्णा, तुमी एकडाव याच," त्या म्हणाल्या. "दरेकशाकडं एक पोरगा आहे, सुखदेव. मागच्या सालाले घरावरचे कवेलू फेरता फेरता खाली आला. दिवसभर पानीच पेत नाई तो."

"का हो?"

"काऊन म्हंजे? नळी बायकोले घालावी लागते. सोताच्या हातानं करत नाई, अन् तिनं केलं का त्याले लाज वाटते. म्हनून ओठ सुकवून पडून राह्यते. ताप येऊन गेला, पुन्हा आला. डॉक्टरीणबाईनं सांगलं, असंच चाललं तं किडन्या जातीन."

"तुम्ही सांगा की."

"सांगून सांगून थकली. बाईचं कायले आयकन तो? पन तुमचा आवाज लावला का गप आयकते. तुमी समोर बसून सांगा, पेइन."

एका माणसाचा जीव माझ्या आवाजावर अडकलाय म्हटल्यावर मी काय थांबतोय? तिकीट काढलं.

आता माझी गाडीतली रीत सांगतो. ती मी गटावर कधीही सांगितलेली नाही. निघायच्या सकाळपासून पाणी बंद. कारण गाडीत संडासाच्या दारातून माझी खुर्ची जात नाही, आणि बर्थवर बसून चादर आडवी धरून, समोर बिस्किटं खात बसलेल्या कुटुंबासमोर नळी घालायची म्हणजे, छे! मी कऱ्हाडचा माणूस. माझी छाती अशी की बटणं तुटतात. मी ते नाही करत. मी पाणी सोडतो. पुण्याला बोललो, नगरला बोललो, मनमाडला तर आख्खा डबा माझ्याभोवती गोळा करून बिबट्याची गोष्ट रंगवली आणि गोष्टीच्या शेवटी सगळ्यांनी पाणी प्यायलं, मी सोडून. डबा झोपल्यावर पांघरुणाखाली एकदाच काम उरकलं. हात धुतले नव्हते. एवढं वाक्य लिहून मी तासभर खुर्ची वळवून बसलो होतो.

सालेकसा

गोंदियाला रूळ संपत नाहीत. पुढंही जातात. हा मला पहिला धक्का. दुसरा धक्का असा की स्टेशनात सगळे हिंदी बोलतात. "चाचा, बॅग गोदी में पकडो, कुर्सी हम पकडते हैं," असं म्हणत दोन हमालांनी मला पेशव्यांसारखं खाली उतरवलं आणि शालूताईंचे यजमान विलासराव व्हॅन घेऊन उभे होते. वाटेत तर्री-पोहे. तर्री अशी की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शरीरात पाणी शिल्लक असल्याचा तेवढा एकच पुरावा.

गोंदिया सोडलं की दोन्ही अंगाला धानाचे बांध, मधूनच तलाव. आमच्याकडं पाणी म्हणजे नदी नाहीतर पाटबंधारे खात्याची मेहेरबानी. इथं गावागणिक जुने तलाव, गावातल्याच शेतकऱ्यांच्या वाडवडिलांनी बांधलेले. विलासराव एकेकाचं नाव सांगत होते आणि मी "आमच्या कोयनेत असले हजार मावतील" असं ठोकून देत होतो. विलासराव सज्जन. "मावत असतीन," म्हणाले.

शालूताईंचं घर बघून मी गप्प झालो, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे. अंगणातून थेट शिलाईमशीनपर्यंत सिमेंटचा उतार. न्हाणीचं दार काढून पडदा लावलेला, म्हणजे खुर्ची अडत नाही. पलंगावर छताला दोर, त्याला धरून त्या अंग वळवतात. मशीन हातानं चालतं. भिंतीत बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली, सरळ हाताला येईल असा, दांडीचा आरसा. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाल्या, "बूड पाहाले. तुमीच तं सांगता रोज." मी हसलो. माझ्या घरातला आरसा मिशीपुरता आहे.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, तलावातली बारीक मासळी. दुसऱ्या वाढीलाही भात. तिसऱ्यालाही. मी भाकरीची चौकशी केली तर विलासराव म्हणाले, "आजारी आहा का?" तिकडं भाकरी म्हणजे पथ्य असावं.

शालूताईंच्या घरी मला पाणी प्यायला काहीच अडचण नव्हती. पण सकाळी दरेकशाकडं जायचं होतं, तिथं सोय नव्हती. म्हणून मी संध्याकाळी थोडं प्यालो आणि सकाळी पुन्हा कुलूप लावलं.

दरेकशाकडे

सालेकशापुढं डोंगर सुरू होतात. रेल्वे त्यांच्यात शिरते आणि रस्ताही. मोहाची झाडं पानं टाकून नुसती फुलांवर उभी असतात, आणि खाली बायका, म्हातारे टोपल्यात फुलं वेचत असतात. त्या वासानं माझं डोकं जड झालं. मी शालूताईंना सांगितलं, "नुसत्या वासानं चढली." त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमचे डोळे लाल आहेत पन." मी म्हटलं, "तर्री!"

सुखदेवचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. ज्या कवेलूंनी त्याला खाली टाकलं ते वर बसून सावली देत होते. ओसरीत बाजेवर तो. तिशीचा, दंड अजून दणकट, गाल मात्र आत गेलेले. बायको फुलवंता आणि त्याची आई, जिला सगळं गाव बुढी म्हणतं. माझी खुर्ची दारात चढवेपर्यंत ओसरी भरली. आशाताई शेजारीच राहतात, त्याही आल्या. आशाताई म्हणजे गावात औषधगोळी देणाऱ्या, तपासणी करणाऱ्या बाई.

पहिल्यांदा पाणी. त्या मुलखात पाहुण्यानं पाणी घेतल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. बुढीनं पितळी गडवा, म्हणजे आपला तांब्या, भरून माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. आमच्याकडं पाणी ठेवून माणसं आत जातात. ही जात नव्हती.

"घे ना बापा. विहिरीचं आहे, गोड आहे."

मी गडवा ओठाला लावला, गळ्याची गाठ वरखाली केली, "वाहवा!" म्हणालो. या कलेत मी तरबेज आहे. बुढी खूश होऊन वळली, तसा गडवा खुर्चीच्या चाकामागं हळूच तिरका केला. ओसरीची जमीन सारवलेली. पाणी जिरलं. कुणी पाहिलं नाही.

मग मी बोलायला लागलो. अहाहा, काय बोललो! किडनीला मी तलाव केलं, लघवीला पाट केलं, पाट बंद केला की धान कसं करपतं ते हातवारे करून सांगितलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फुलवंता पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शालूताई मान डोलवत होत्या. मधे मधे बुढी गडवा भरून आणत होती आणि मी मधे मधे चाक ओलं करत होतो. सुखदेव कुशीवर पडून एकटक बघत होता. मला वाटलं, माझ्याकडं बघतोय.

बोलता बोलता माझे दात वाजायला लागले. मी म्हणालो, "हे ऐकून अंगावर काटा येतो बघा." पण काटा थांबेना. बाहेर ऊन असं की कोंबड्या सावलीत तोंड उघडून बसलेल्या, आणि मी खुर्चीसकट खडखडतोय. मला दोन गोष्टी लगेच कळल्या. एक, लघवीत जंतू शिरलेत, ताप चढतोय. दोन, हे या ओसरीत कबूल करणं शक्य नाही.

"मलेरिया!" मी ओरडलो. "काल गोंदिया स्टेशनात चावला. चिमणीएवढा डास होता."

झालं. ओसरी उठली. एकीनं कडूनिंबाचा धूर केला, बुढीनं माझ्यावर वाकळ टाकली, कुणीतरी घागरी उपड्या करून डास शोधायला लागलं. आशाताईंनी माझ्या बोटाला टोचून पट्टीवर रक्त घेतलं, सगळे त्या पट्टीकडं बघत बसले.

"मलेरिया नाई दिसत," आशाताई म्हणाल्या.

"आमच्याकडच्या रक्तातला तुमच्या पट्टीवर उमटत नसेल," मी म्हटलं.

शालूताई माझ्याकडं बघत होत्या. विलासराव व्हॅन घेऊन सालेकशाच्या बाजाराला गेले होते, त्यांना फोन केला आणि ते येईपर्यंत मला सुखदेवशेजारी दुसऱ्या बाजेवर निजवलं. आशाताईंनी तापाची गोळी दिली. बायका अंगणात गेल्या.

दोन बाजा. दोन पुरुष. चार बंद पडलेले पाय.

"अन्ना," सुखदेव हळूच म्हणाला, "तुमी पानी पेलेच नाई."

"कोण म्हणतं?"

"बाजीवर पडलेल्या मानसाले जमीनच दिसते ना जी. पयला गडवा चाकामांगं. दुसरा बी तिथंच. तिसरा कोंबडी पेली."

मी वाकळ तोंडावर घेतली.

"अन् हे मलेरिया नोहे. हे मले बी होते. वास बी तोच येते तुमच्या अंगाले."

माझ्या अंगाला वास येत होता. मला कळलं नव्हतं. मगाशी ज्या बायका डोळे पुसत होत्या, त्यांना आला असेल का? मी वाकळीच्या आत घाम गाळत तेवढा एकच विचार करत होतो, आणि माझ्या शेजारी ज्याच्यासाठी मी आख्खा महाराष्ट्र आडवा कापून आलो तो माणूस पाण्यावाचून वाळत पडला होता, त्याचा नाही.

"एक करू," सुखदेव म्हणाला. "मी तुमचं सांगत नाई. तुमी माया मांगं लागू नोका. शालूताईले सांगा, सुखदेवचं बराबर आहे, त्याले तरास देऊ नोका. तुमचं मानतीन सारे."

मी काय केलं असेल? वाचकहो, या जागी तुम्हाला वाटेल की अण्णा बाजेवर उठून बसला आणि गरजला. अण्णानं वाकळीतून हात काढून सुखदेवच्या हातावर टाळी दिली.

व्हॅन आली. मला खुर्चीत घातलं. शालूताईंनी विचारलं, "काय म्हनते सुखदेव?" मी म्हणालो, "माझं बोलणं झालंय सविस्तर. त्याच्या शरीराला तेवढं पाणी पुरतं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. त्याला छळू नका."

शालूताईंचं तोंड उतरलं. पण ते मला बघवलं. जे बघवलं नाही ते पुढचं. फुलवंता हे ऐकत दारात उभी होती. सुखदेवच्या उशाशी एक गडवा होता, झाकण ठेवलेला. तो प्यावा म्हणून ती रोज भरून ठेवत असणार आणि रोज तसाच उचलत असणार. ती आत गेली, गडवा उचलला आणि पाणी अंगणात टाकून तो पालथा घातला. एवढ्या लांबून आलेला जाणता माणूस म्हणतोय, मग खरंच असेल. तिनं मला वाकून नमस्कारही केला.

सालेकसा, ताप

डॉक्टरीणबाईंनी लघवी बघितली. तांदळाच्या धुवणासारखी. तपासायला पाठवली, सुई दिली, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"भरपूर!" मी म्हणालो. शालूताई शेजारी होत्या. त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवली.

त्यानंतर घरी शालूताई मला तासातासाला पेला देत होत्या आणि मी रिकामा करेपर्यंत शिलाई थांबवत होत्या. मी त्यांना पानशेतच्या पुराची एक जबरदस्त गोष्ट सांगायला घेतली, ज्यात मी जन्मायच्या आधी पोहत होतो. त्या म्हणाल्या, "अण्णा, ब्लाऊज द्याचा आहे संध्याकाळी." मशीनचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि फुलवंताचा फोन आला. शालूताईंनी तो माझ्यासमोर मोठ्या आवाजावर ठेवला.

"ताई, आता दिवसा पानी नाई दिलं तं चालते ना? अन्नानं सांगलं म्हनून इचारलं. घरवाला म्हनते, रातीले बी नोको. आज थंडी वाजून रायली त्याले. मलेरियाच असन ना? अन्नाले झाला तसा?"

माझा डास तिकडं पोचला होता. चिमणीएवढा.

फोन ठेवल्यावर मी शालूताईंना सगळं सांगितलं. चाक, कोंबडी, टाळी. गाडीतले न धुतलेले हातही. सांगताना एकही प्राणी मधे आणला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला, आणि म्हणाल्या, "लबाड आहा तुमी."

"आहे."

"मले सांगून कायचा फायदा? मी का पालथा घातला गडवा?"

पुन्हा दरेकशाकडे

आधी सुखदेवला डॉक्टरीणबाईंकडं नेऊन आणलं. त्याचीही लघवी धुवणासारखी, त्यालाही सुई. त्या त्याला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही, फक्त एवढंच की पुढच्या वेळी त्याला इथं नाही, नागपूरला न्यावं लागेल, आणि तिथूनही तो परत येईलच असं नाही. फुलवंतानं हे उभ्यानं ऐकलं.

मग त्याच ओसरीत, त्याच माणसांसमोर मी बसलो. तीच बुढी गडवा घेऊन आली. मी तो घेतला आणि सगळ्यांच्या देखत प्यालो. खरोखर गोड होतं. आणि मग बोलायचं होतं आणि बोलता येईना. मी! ज्याचं तोंड बंद करायला शाळेत मास्तर पट्टी लावायचे!

"परवाचं पाणी मी सांडलं," शेवटी म्हणालो. "मला मलेरिया नव्हता. पाणी न प्यायल्यानं, घाणेरड्या हातानं नळी घातल्यानं ताप आला. सुखदेवला पाणी पुरतं हे मी खोटं सांगितलं. त्याला पाणी लागतं. मलाही लागतं."

फुलवंतानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जशी आपण उघड्या माणसावरून काढतो.

"काऊन जी?" बुढीनं विचारलं. "पानी काऊन सांडलं?"

"लाज वाटते, आजी. लोकांत नळी घालायची."

"एवढा मोठा मानूस," बुढी म्हणाली, "अन् मुताले लाजते?"

पहिल्यांदा आशाताई हसल्या, मग सगळी ओसरी. शालूताईसुद्धा. मी आयुष्यभर लोकांना हसवत आलोय, पण ती हसणी मी तयार केलेली असायची. हे माझ्यावर आलं, आयतं. मी खाली बघून चाकाचं रबर खरवडत बसलो.

सुखदेव हसला नाही. "सौदा मोडला तुमी," म्हणाला.

"मोडला."

"पुरुषाची जबान म्हनतेत याले?"

"तुझ्या बायकोनं गडवा पालथा घातला सुखदेव. माझ्या शब्दावर."

त्यानं तोंड आढ्याकडं फिरवलं. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटलं. मी साबणानं हात धुतले, नळी काढली आणि त्याच्या बाजेशेजारी खुर्चीतच माझं काम केलं, त्याला दिसेल असं, काहीही न बोलता. दुसरा पुरुष हे स्वतः करताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मीही कुणाला दाखवलं नव्हतं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मंग गाडीत काऊन नाई करत?"

मी नळी धुवायला घेतली.

"आता जाल नं तुमी गावाले. दिवसाउजेडी गाडीत बसाल, मानसाइत," सुखदेव म्हणाला. "तुमी पेल तं मी पेन. तुमी नळी घालाल तं मी बी माया हातानं घालन. शालूताईनं सांगून नाई. मले दिसलं पायजे. फोन लावन मी."

परतीची गाडी

विलासरावांनी मला गोंदियाला बसवलं. निघताना शालूताईंनी मोहफुलांचा लाडू आणि पाण्याची मोठी बाटली दिली. नमस्कार केला, पण 'पुन्हा या' म्हणाल्या नाहीत. मी दोनदा 'येतो' म्हणालो.

नागपूर गेलं. वर्ध्याला माझ्या समोर, शेजारी, वरती लग्नाचं वऱ्हाड शिरलं. हळदीचे हात, फुगलेल्या पिशव्या, एक नवरदेवाचा मामा, भरघोस मिशीचा, बरोबर माझ्या गुडघ्यांसमोर. अशा मिशा बघितल्या की माझ्या जिभेला पाणी सुटतं. बिबट्या अगदी ओठांवर आला होता.

फोन वाजला. पडद्यावर सुखदेव, उशाला टेकून बसलेला. हातात गडवा. मागं फुलवंताचा पदर.

"पेता?"

मी बाटली उघडली. तो एक घोट, मी एक घोट. मामा बघत होते. वऱ्हाडातल्या बायका बघत होत्या. "कोण आहे हो?" एकीनं विचारलं. "पैज लागली आहे का?" मी मान हलवली. अर्धी बाटली संपली तेव्हा सुखदेवनं गडवा उलटा करून दाखवला आणि फोन बंद झाला.

मग मी बसून राहिलो. ते सगळं पाणी आता खाली उतरत होतं आणि मला ते जाणवत नव्हतं, फक्त घड्याळ जाणवत होतं. बडनेरा आलं. मी ठरवलं, अकोल्यानंतर. अकोला गेलं. मी ठरवलं, ही माणसं जेवायला बसली की. ती जेवायला बसली. पुऱ्या, बटाट्याची भाजी. मलाही देऊ लागली.

मी बाटलीतलं उरलेलं पाणी आणि साबण घेऊन हात धुतले, नीट, बोटांच्या बेचक्यांतून. पिशवीतून चादर काढली.

"मामा," मी म्हणालो, "हे एक टोक जरा धरता?"

"कायले?"

मला त्या क्षणी सात उत्तरं सुचली आणि त्यातल्या एकात हत्ती होता.

"लघवी करायची आहे. मला नळीनं करावी लागते. इथंच."

सगळ्यांचे घास थांबले. मामांनी पुरी खाली ठेवली, हात पँटला पुसले, चादरीचं टोक धरलं आणि मान खिडकीकडं वळवली. एका बाईनं दुसरं टोक वरच्या कडीला अडकवलं. चादरीच्या अलीकडं मी एकटा, पलीकडं आख्खं वऱ्हाड गप्प. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. डब्यात माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तो बोलण्याचा नव्हता.

चादर खाली झाली तरी कुणी माझ्याकडं बघेना. माझे कान असे पेटले की भुसावळच्या चहावाल्यानं त्यावर किटली ठेवावी. मामांनी पुरी उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

तेवढ्यात फोन वाजला.

"झालं," सुखदेव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि त्यानं कॅमेऱ्यासमोर स्वतःचे ओले हात धरले. "सोताच केलं. तुमचं?"

"झालं."

"मंग भरा," तो म्हणाला, "दुसरा गडवा."